तळ्याची साय

भावोजींनी तळ्यावरची घाण धाकटीच्या आवारात आणून ओतली, तेव्हा तिने त्यांना चहा पाजला होता. पुढे तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच. विष घातलं ते घातलं, वर या माणसाने दोन कप चहा ढोसला, बिस्किटं मागून घेतली आणि जाताना टेम्पोच्या खिडकीतून हात हलवत म्हणाला, "मेहुणीबाई, उपकार लक्षात ठेवा हं!" आणि हिने खरोखर आभार मानले, तेही तोंडभरून.

धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली, केस पांढरे झाले, तरी घरात-बाहेर सगळ्यांसाठी ती धाकटीच राहिली. धंदा गांडुळांचा. पत्र्याची एक लांब शेड, तिच्यात दोन्ही बाजूंनी सिमेंटच्या टाक्या, टाक्यांवर ओली पोती आणि पोत्यांखाली तांबडी गांडुळं. घोड्यांची लीद, पालापाचोळा, भाजीबाजारातला टाकाऊ माल, भिजवलेले पुठ्ठे, जे घालाल ते खाऊन ती काळंभोर, भुसभुशीत खत करायची. नर्सरीवाले आणि बागवाले तिच्याकडून खत न्यायचे, गांडुळं न्यायचे, आणि टाक्यांच्या तळाशी थेंबथेंब जमणारं तपकिरी गांडूळपाणीही कॅन भरभरून न्यायचे.

पण ही गांडुळं कुणाकडून विकत आणलेली नव्हती. ती आईची होती. आई एका शाळेची बाग सांभाळायची. लाकडी पेटीत तिने गांडुळं पाळली होती. दर थंडीत बाकीची गारठून खाली मुटकुळी करून बसली, की जी तरीही वर येऊन खात असत तेवढीच ती चमच्याने वेगळी काढायची आणि पुढची पिल्लावळ त्यांची वाढवायची. असं वर्षानुवर्षं चाललं. आई गेली तेव्हा दोघी बहिणींत वाटणी अगदी भांडणाशिवाय झाली. ताईला शिलाई मशीन, धाकटीला पेटी. ताईने नवं घर घेतलं तेव्हा धाकटीने त्यातलीच ओंजळभर गांडुळं डब्यात घालून तिला दिली होती, स्वयंपाकघरातला ओला कचरा खायला. भावोजींनी नाक मुरडलं. "घरात किडे? उद्या पाहुणे काय म्हणतील?" थोड्याच दिवसांत ताईने सांगितलं, फेकली गं, यांना वास येतो. धाकटीने भावोजींना मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि विषय सोडला.

भावोजींकडे मोठ्या तळ्याचं कंत्राट होतं. होड्या, बाकं, काठाची साफसफाई, सगळं त्यांच्याकडे. माणूस गोड बोलण्यात पटाईत. समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि आपण आपलं काम करून घ्यायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. कुणीतरी रंगाचे डबे उपडे केल्यासारखं हिरवं. पाण्यावर जाड थर आला, काठाला साचला आणि कुजका वास थेट रस्त्यापर्यंत येऊ लागला. भावोजी त्या थराला 'साय' म्हणत. होड्यांची शर्यत तोंडावर आली होती, म्हणून माणसं लावून, जाळ्या ओढून त्यांनी ती साय काढली आणि टेम्पोत घालून स्वतः धाकटीकडे आले.

"निळं-हिरवं शेवाळ आहे हे," ते म्हणाले. "लोक पाकिटात भरून खत म्हणून विकतात, तुला मी काय सांगायचं? तुझी गांडुळं पार्टी करतील पार्टी!"

धाकटीला हे माहीत होतंच, आणि तेच तिला नडलं. असल्या शेवाळाची पाकिटं ती नर्सऱ्यांमध्ये नेहमी बघायची. पाकिटातली जात वेगळी आणि तळ्यातली वेगळी असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. एरवी नवं काही आलं की आधी एका टाकीत घालून बघायचं, मगच बाकीच्यांना द्यायचं, ही आईची शिस्त. फुकटचा माल दिसल्यावर धाकटीने शिस्त गुंडाळून ठेवली. सगळ्या टाक्यांत साय घातली. उरलेली उन्हात वाळवली आणि पोत्यांत भरून ठेवली, पुढे उपयोगी पडेल म्हणून.

आधी गेले ते पांढरे किडे. टाकीवरचं पोतं उचललं की मिठाच्या कणाएवढे पांढरे किडे टणाटण उड्या मारतात. इतरांना किळस येते, पण गांडुळं पाळणाऱ्याला ते दिसले की बरं वाटतं. माती जिवंत आहे, एवढं त्यावरून कळतं. ते दिसेनासे झाले. धाकटीने मनावर घेतलं नाही. गांडुळं तर धडधाकट होती, खात होती. मग तिच्या लक्षात आलं, की टाक्यांत सगळी मोठीच गांडुळं आहेत, बारकं एकही नाही. कोष होते. गांडूळ अंडी घालतं ती अशा कोषात, लिंबाच्या आकाराच्या, मोहरीपेक्षा जरा मोठ्या. ताजा कोष पिवळा असतो, पिकत आला की लालसर होतो, आणि दिव्यासमोर धरला तर आत तांबडा धागा वळवळताना दिसतो. धाकटीने बशीत ओलं फडकं पसरून त्यावर कोष मांडले आणि रोज एकेक उचलून दिव्यासमोर धरू लागली. एकही लाल होईना. पिवळे होते ते काळवंडले, सुरकुतले आणि तसेच राहिले. दुसऱ्या टाकीतले घेतले, तिसऱ्या टाकीतले घेतले. तीच गत. मोठी गांडुळं एकेक करून मरत होती आणि त्यांच्यामागे कुणी नव्हतं.

"नवी विकत आण की," शेजारचा घोडेवाला म्हणाला. लीद त्याच्याकडूनच यायची. "गांडूळ ते गांडूळ."

"तुझी आई गेली तेव्हा तू दुसरी विकत आणलीस का रे?"

त्यानंतर घोडेवाला लीद फाटकाशी टाकायचा आणि मागे न बघता सटकायचा.

तळ्याचं पाणी तपासणारी एक बाई होती. तिची प्रयोगशाळा म्हणजे पाणीपुरवठ्याच्या ऑफिसमागची एक खोली, बाटल्यांनी गच्च भरलेली. धाकटी वाळक्या सायीची पिशवी आणि ती बशी घेऊन तिच्याकडे गेली. बाईने पिशवीत डोकावलं आणि कपाळाला हात लावला.

"ही तुमच्याकडे कशी आली?"

"खत म्हणून आली."

"अहो, खत कसलं! विष आहे यात. हे शेवाळ स्वतःच ते तयार करतं, आणि वाळलं तरी ते जात नाही. मोठं गांडूळ तग धरतं काही दिवस, पण अंड्यातून पिल्लू निघत नाही. मातीतले बारीक जीव तर त्याच्याही आधी जातात. पण मी कंत्राटदारांना इथे, याच खुर्चीत बसवून सांगितलं होतं. ही साय लांबच्या खड्ड्यात पुरा, कुणाच्या बागेत जाऊ देऊ नका. तर म्हणाले, मला नका शिकवू, माझा कुत्रा हेच पाणी पिऊन मेलाय."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुत्रा मेला तेव्हा भावोजी ढसाढसा रडले होते. ताईने फोनवर सांगितलं होतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. कुत्र्यासाठी रडून झालं, डोळे पुसले, आणि तेच विष टेम्पोत भरून मेहुणीकडे निघाले. का, तर खड्डा लांब होता आणि धाकटीचं आवार वाटेत होतं. एवढंच. यामागे वैरसुद्धा नव्हतं. वैर असतं तर तिला निदान बरोबरीचं वाटलं असतं.

भांडायला जावं, असं तिच्या मनात आलं. पण भावोजी काय करतील ते तिला पाठ होतं. आधी कानांवर हात ठेवतील, मग गळा काढतील, मग कुठूनतरी पिशवीभर गांडुळं विकत आणून तिच्या हातात ठेवतील. ताई मध्ये उभी राहून रडेल. संध्याकाळपर्यंत सगळं मिटेल आणि आईची गांडुळं मरतच राहतील. नको. या माणसाचं असं काहीतरी मरायला हवं, जे तो जिवापाड जपतो. सावकाश मरायला हवं, आणि का मरतंय हे त्याला कळता कामा नये. तिच्यासारखंच त्याने रोज उठून बघावं आणि हात चोळत बसावं.

भावोजी जिवापाड जपत ते गुलाब. घराच्या पुढच्या अंगणात, मापात कापलेल्या कडांचे वाफे. दरवर्षी फुलांच्या प्रदर्शनात ते पहिलं बक्षीस घेत आणि माइकवर सांगत, "गुपित विचाराल तर प्रेम, दुसरं काही नाही." गुपित होतं धाकटीचं गांडूळपाणी. मोसम आला की ती कॅन भरून न्यायची, आणि 'घरचंच तर आहे' म्हणून भावोजी नुसते शब्दांनी पाठ थोपटायचे. या वर्षीही त्यांचा फोन आलाच.

धाकटीने पोती सोडली. वाळकी साय पिंपात भिजत घातली, रोज काठीने ढवळली, फडक्यातून दोनदा गाळली. रंग हिरवट दिसत होता, म्हणून टाक्यांखालचं जुनं तपकिरी पाणी त्यात मिसळलं. वास जुळेपर्यंत मिसळत राहिली. कित्येक महिन्यांत तिने कुठलं काम इतकं मन लावून केलं नव्हतं. आयुष्यभर माती जिवंत करायला शिकलेली बाई ती. माती मारायची कशी हे तिला वेगळं शिकावं लागलं नाही. मातीतले जीव गेले की माती घट्ट होते, मुळं गुदमरतात, आणि झाड उभ्या उभ्या सुकतं. बसा मग प्रेम करत.

"मेहुणीबाई, तुमचं पाणी म्हणजे अमृत!" कॅन उतरवून घेताना भावोजी म्हणाले. काट्यांसाठी घातलेले कोपरापर्यंतचे हातमोजे त्यांच्या हातात होते.

"रोज घाला," धाकटी गोड हसून म्हणाली. "हात आखडू नका. संपलं की अजून आणते."

आणि तिने आणलंही. या निमित्ताने तिचं ताईकडे जाणंयेणं वाढलं. ताई चहा टाकायला आत गेली की ती वाफ्यात बोट खुपसून माती वर काढायची. पांढरे किडे नाहीत. बारकं काही हलत नाही. तिला आनंद व्हायचा. खोटं कशाला सांगा, पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. फक्त एक गोष्ट तिला खटकत होती. गुलाब सुकत नव्हते. पानं काळपट हिरवी, लखलखीत झाली होती आणि कळ्या मुठीएवढ्या फुगल्या होत्या. थांब, तिने स्वतःला समजावलं. मुळांपर्यंत पोचायला वेळ लागतो.

ताई मात्र खूश नव्हती. सारखे हात खाजवत होती. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठले होते.

"काय गं हे?"

"नवा साबण बाधला वाटतं," ताई म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

"मग बदल की तो!"

"बदलला. तरी तेच." मग उगाचच हसून ताई म्हणाली, "जाऊ दे. तुझ्या टाक्यांचं काय? काही फरक?"

"नाही. संपत आल्या." गेले कित्येक महिने ताई दर भेटीत हे विचारत होती.

प्रदर्शन मोठ्या हॉलमध्ये भरलं. भावोजींचं एकेक फूल बशीएवढं. लोक फोटो काढत होते. परीक्षकांनी फार वेळ घेतला नाही. पहिलं बक्षीस त्यांनाच, वर सगळ्या प्रदर्शनातलं सर्वोत्तम फूल म्हणून चषकही. भावोजी माइकपाशी गेले, घसा साफ केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले.

"या वर्षीच्या यशाचं श्रेय माझ्या मेहुणीला. तिच्या गांडूळपाण्यात या वेळी जादू होती, जादू! उभी राहा गं धाकटे."

सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. धाकटी उभी राहिली, आणि उभ्या उभ्याच तिला कळलं. नत्र. ती साय म्हणजे नत्राचा साठा होता, झाडांना दुसरं काय लागतं? मातीतले जीव मेले, पण मोसमापुरतं गुलाबांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी आयतं खाल्लं आणि फुलले. शाळकरी पोरालाही सुचलं असतं ते तिला, खतवालीला, रागाच्या भरात सुचलं नाही. दात-ओठ खाऊन तिने याच माणसाला चषक मिळवून दिला होता. टाळ्या संपेपर्यंत तिला हसत उभं राहावं लागलं.

"चल घरी," ताईने तिचा दंड धरला. "यांना बसू दे फोटो काढत. मला तुला एक दाखवायचंय. आज दाखवायचं ठरवलंच होतं."

ताईने तिला मागच्या मोरीत नेलं. दिवा लावला. कपडे धुण्याचं मशीन दोन्ही हातांनी पुढे ओढलं आणि त्याच्या मागून एक लाकडी पेटी बाहेर काढली. वर ओला पुठ्ठा होता.

"फेकली म्हणाले होते ना? ते यांच्यापुरतं. अगं, आईची गांडुळं मी फेकेन का? इतकी वर्षं इथेच आहेत, मशीनच्या मागे. हे कधी मोरीत वाकून बघतात होय! आधी डबाच होता. तुझी मरतायत कळलं, तेव्हा मी ही पेटी करून घेतली आणि वाढवायला लागले. पेटी गच्च भरली की तुला द्यायची, तोवर अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवलं होतं."

धाकटी तिथेच ओल्या फरशीवर बसली, पुठ्ठा बाजूला केला आणि दोन्ही हात आत घातले. लालभडक, जाडजूड, बोटांना वेढे घालणारी. आईचीच. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. संपलेलं नव्हतं काही. सगळं पुन्हा उभं करता येणार होतं. भावोजी, चषक, टाळ्या, गेलं सगळं खड्ड्यात.

मग तिचे हात थांबले. तिने पुठ्ठा उलटा करून बघितला. एकही पांढरा किडा उडाला नाही. तिने कोपऱ्यातली माती चाळवली.

"ताई, बारकी कुठायत?"

"तेच तर तुला विचारायचं होतं. आधी ढिगाने असायची. हल्ली दिसतच नाहीत. मग मी जास्तच काळजी घ्यायला लागले. म्हटलं ताकद कमी पडत असेल." ताईने बोटांची बेचकी खाजवली. "यांच्या कॅनमधून मगभर काढून घेते रोज, यांच्या नकळत. हातानेच शिंपडते. तुझंच पाणी, म्हटलं त्याहून चांगलं काय असणार?"

धाकटीने मातीतून एक कोष वेचला आणि दिव्यासमोर धरला. सुरकुतलेला, काळवंडलेला. दुसरा वेचला. तोही तसाच.

"ताई, हात धू."

"काय?"

"आधी हात धू. साबण लाव. आणि त्या कॅनला पुन्हा शिवू नकोस."

ताईने नळ सोडला. ती काही भोळी नव्हती. पाठमोरी उभी राहून तिने विचारलं, "काय होतं त्यात?"

मग धाकटीने सगळं सांगितलं. कुत्रा कशाने मेला, साय कुणी आणली, पाणी तपासणारी बाई काय म्हणाली, पिंप, काठी, फडकं. काही लपवलं नाही. ताई नळाखाली हात धरून ऐकत होती. हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी पाणी वाहत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" ताई म्हणाली. आवाज चढला नाही. "आधी मला सांगायचंस ना गं. मी त्याच दिवशी यांचे गुलाब मुळासकट उपटून दिले असते तुला. आणि ही पेटीही तेव्हाच तुझ्या मांडीवर ठेवली असती. बारक्यांनी वळवळत होती तेव्हा."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि चषकाचा काहीतरी खणखणाट झाला.

"मेहुणीबाई!" भावोजी मोरीच्या दारात आले. चेहरा नुसता फुलला होता. "पुढच्या वर्षी दोन कॅन जास्त हं! अगदी असाच माल!" मग त्यांना पेटी दिसली. "आणि हे काय? किडे? अजून घरात?"

ताईने नळ बंद केला. हात पुसले. दारामागच्या खुंटीवरून बागेची कुदळ काढली आणि नवऱ्याच्या बाजूने वाट काढून ती पुढच्या अंगणात गेली. भावोजी आधी हसले. मग बाहेरून पहिला घाव ऐकू आला, मुळं तुटल्याचा करकर आवाज झाला, आणि ते ओरडत पळाले.

धाकटीने मान वर केली नाही. बाहेर दुसरा घाव पडला, तिसरा पडला. याच आवाजासाठी तिने महिनोन्‌महिने काठी ढवळली होती. आता तो ऐकायला तिला सवड नव्हती. पेटीच्या अगदी तळाशी, कॅन येण्याआधीच्या थरात बोटं घालून ती एकेक कोष वेचत होती. एक दिव्यासमोर धरला. काळा. बाजूला ठेवला आणि पुढचा उचलला.